फक्त पुढे

१

पडद्यावर शून्य होतं. आणि त्याच वेळी खालच्या टाकीत उतरलेल्या माणसाच्या अंगावर गरम कॉस्टिक कोसळत होतं.

मीटरबाईंना हे सरकारी सुरक्षा कार्यालयातून फोनवर कळलं, तेव्हा त्या हातातला चहा घेऊन तशाच खुर्चीत बसून राहिल्या. चहावर साय धरली तरी त्यांना भान नव्हतं. तीस वर्षं त्या कारखान्याकारखान्यांतून फ्लोमीटर तपासत हिंडत होत्या. पाइपातून काय, किती आणि कुठल्या दिशेनं वाहतंय ते सांगणारं हे यंत्र. ते थोडंफार चुकतं, म्हाताऱ्या माणसासारखं कधी जास्त तर कधी कमी बोलतं, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. पण धो धो वाहत असताना ‘काहीच वाहत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारा मीटर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला त्या साबणाच्या कारखान्यात पोचल्या. कारखाना बंद होता. एरवी जिथे बोललेलं ऐकू येत नाही, तिथे पावलांचे आवाज घुमत होते.

मांडणी साधीच होती. खाली एक टाकी, तीन मजले वर दुसरी. दोन्हींना जोडणारा एक जाड पाइप. पंप लावला की खालचं कॉस्टिक, साबणात लागणारं जळजळीत रसायन, वर जातं. पंप बंद केला की ते परत खाली येऊ नये म्हणून पाइपात एक झडप, एकाच बाजूला उघडणारी. शिवाय हातानं बंद करायचा एक व्हॉल्व होता, पण त्याचं चाक वर्षभरापासून अर्ध्यावर अडकून बसलं होतं. आणि मधोमध मीटर. त्याच्यावर डबीसारखा ट्रान्समीटर, जो आकडा पॅनेलरूमला पाठवतो.

काल सकाळी खालची टाकी रिकामी करून सगळं कॉस्टिक वर चढवलं होतं. टाकी धुतली, निवू दिली. मग टाक्या साफ करणाऱ्यांतला सगळ्यात जुना, जाणता माणूस शिडी लावून आत उतरला. सगळे त्याला थोरला म्हणत, कारण त्याचा धाकटा भाऊही इथेच कामाला होता. तीन वाजून दहा मिनिटांनी झडप तुटली आणि वरचं सगळं खाली आलं.

“वर यायला त्याला शिडीची पाचच पावलं होती हो,” सोबत आलेला कामगार म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं. “उलटं वाहायला लागलं की भोंगा वाजतो. काल वाजलाच नाही.”

मीटरबाईंनी टाकीच्या तोंडातून आत पाहिलं आणि लगेच मान मागे घेतली. आता त्यांना एकच गोष्ट कळून घ्यायची होती. भोंगा गप्प का बसला?

२

पोलिसांना उत्तर सापडलं होतं. पॅनेलवर बसणाऱ्या बाईला त्यांनी कालच नेलं होतं. तिनं सही करून माणसाला टाकीत सोडलं आणि मग लक्ष दिलं नाही, असा आरोप.

मीटरबाई चौकीत जाऊन तिला भेटल्या. तिशीची असेल. डोळे सुजलेले, पण बोलणं स्पष्ट.

“बाई, मी पडद्यावरून नजर हलवली नाही. माणूस आत असला की मी पाणीसुद्धा पीत नाही, उठावं लागेल म्हणून. शून्य होतं. आरडाओरडा ऐकू आला, तेव्हाही शून्यच होतं. मी धावत खिडकीशी गेले, परत येऊन पाहिलं, तरी शून्य!”

“भोंगा बंद केला होतास?”

“मला तो बंद करताच येत नाही. आणि कशाला करू? पूर्वी पंप बंद केला की दर वेळी वाजायचा. झडप झिजली होती, थोडं थोडं मागे गळायचं. डोकं उठायचं सगळ्यांचं. दीड-दोन महिन्यांपूर्वी वाजायचा थांबला, तेव्हा मीच साहेबांना म्हटलं, बरं झालं बाई, झडप बदललीत एकदाची!”

“मग साहेब काय म्हणाले?”

“हसले. म्हणाले, आम्ही काळजी घेतो तुमची.”

बाहेर तिचा नवरा मुलीला कडेवर घेऊन उभा होता. “माझी बायको खोटं बोलत नाही,” एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

पण पोलिसांकडे एक साक्षीदार होता. कारखान्याचे कठडे रंगवायला आलेला एक रंगारी. तो त्या वेळी मीटरपासून चार हातांवर ब्रश मारत होता. मीटरबाई त्याच्याकडे गेल्या.

“हे बघा, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही,” रंगारी म्हणाला. “पण आकडे वाचता येतात मला. आधी शून्य होतं. मग अचानक तीनशे-काहीतरी झालं. तेवढ्यात ओरडा सुरू झाला. शून्य नव्हतं बाई. देवाशपथ नव्हतं.”

आता एकाच मीटरबद्दल, एकाच मिनिटाबद्दल दोन माणसं दोन गोष्टी सांगत होती, आणि दोघंही शपथेवर. पोलिसांनी हिशेब सोपा केला होता. रंगाऱ्याला खोटं बोलायचं कारण नाही, म्हणजे पॅनेलवाली खोटारडी.

मीटरबाई निघता निघता थबकल्या. “तीनशेच्या आधी काही होतं का रे? एखादी खूण?”

रंगाऱ्यानं डोकं खाजवलं. “हां. एक बारीक आडवी रेघ होती. मला वाटलं, काचेवर माझाच रंग उडाला.”



३

वजा तीनशे. मीटरला सगळं दिसत होतं! उलटं वाहतंय हेही, किती वाहतंय हेही.

त्या जवळजवळ पळतच मीटरपाशी आल्या. ट्रान्समीटरच्या डबीचं झाकण फिरवून काढायला लागल्या, तर ते नेहमीपेक्षा घट्ट. जोर लावल्यावर निघालं आणि आट्यांवरून पांढऱ्या टेपची एक गुंडाळी सुटून त्यांच्या बोटांत आली. ती त्यांनी पाकिटात टाकली. झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्यावर चार आकडे.

“वा! कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच टांगायची,” त्या पुटपुटल्या. हसू मात्र आलं नाही.

तो पासवर्ड दाबून त्या आत शिरल्या. एकेक पान उलटत गेल्या आणि एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

प्रवाहाची दिशा: फक्त पुढे.

कारखान्याच्या कागदांत तिथे ‘दोन्ही’ असायला हवं होतं. ‘दोन्ही’ असलं की उलट्या वाहण्याचा आकडा वजा होऊन पॅनेलला जातो आणि वजा आकडा दिसला की भोंगा वाजतो. ‘फक्त पुढे’ केलं की मीटर स्वतःच्या काचेवर खरं ते दाखवतो, पण पॅनेलला उलट्या वाहण्याची बातमी देतच नाही. तिकडे जातं ते नुसतं शून्य.

म्हणजे रंगारी खरं बोलत होता आणि पॅनेलवालीही. कुणीतरी मीटरचं तोंड एका बाजूनं दाबून ठेवलं होतं.

कारखान्याचे साहेब मागे येऊन उभे राहिले होते. इस्त्रीचा शर्ट, पण काखेत घामाचे डाग. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

“मॅडम, मग तर सोपं आहे. ह्या डबीला हात लावणारा कारखान्यात एकच माणूस आहे.”

४

तो माणूस म्हणजे मीटरचा टेक्निशियन. जाड भिंगांमुळे त्याला सगळे चष्मेवाला म्हणत. त्याला बोलावलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“दिशा मी बदलली नाही बाई. आईची शप्पथ!”

“चिठ्ठी कुणाची?”

त्यानं मान खाली घातली. “माझी. आकडे लक्षात राहत नाहीत.”

“आणि भोंगा थांबला तेव्हा तुला काही वाटलं नाही?”

“वाटलं ना. वाटलं, झडप बदलली. मी तेव्हा रजेवर होतो. परत आलो तर सगळं शांत.”

मीटरबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग पॅनेलरूममधली जाडजूड नोंदवही मागवली आणि खिडकीपाशी बसून पानं चाळायला लागल्या. रोज संध्याकाळी पंप बंद केल्या केल्या मीटरचा एकूण आकडा लिहिलेला होता, आणि रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी पुन्हा. वर्षानुवर्षं लिहीत होते, वाचत कुणीच नव्हतं.

“इकडे ये,” त्या म्हणाल्या. “हे बघ. संध्याकाळपेक्षा सकाळचा आकडा चाळीस लिटरनं कमी. दुसऱ्या दिवशी अडतीसनं कमी. पुढे बेचाळीस. का?”

चष्मेवाला वाकला. “झडप गळते. रात्रीतून तेवढं मागे जातं. ‘दोन्ही’ असलं की मीटर ते वजा करतो.”

“आणि ‘फक्त पुढे’ केलं की?”

“वजा करत नाही. सकाळ-संध्याकाळ आकडा तोच राहणार.”

“मग आता तो दिवस शोध.”

त्याचं बोट पानावरून खाली सरकत गेलं. चाळीस कमी, एकेचाळीस कमी, एकोणचाळीस कमी. आणि मग एका शुक्रवारी सकाळी आदल्या संध्याकाळचाच आकडा, जसाच्या तसा. त्यानंतर कालपर्यंत एकदाही कमी नाही.

“गुरुवारी पंप बंद झाला त्या सुमाराला कुणीतरी दिशा बदलली,” मीटरबाई म्हणाल्या. “तू कुठे होतास त्या गुरुवारी?”

चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “दवाखान्यात. डोळ्याचं ऑपरेशन. दोन दिवस पट्टी होती बाई, हाताला धरून न्यावं लागत होतं मला.”

दवाखान्यात फोन केला. खरं होतं.

मीटरबाईंनी पाकिटातून ती पांढरी गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. “आणि ही टेप?”

“ही आमची नाही. झाकणाच्या आत रबराची रिंग असते, टेप कशाला लागते? ही पाइपाच्या आट्यांना लावतात, गळू नये म्हणून. ज्याला सवय असते तो आटे दिसले की...”

तो बोलता बोलता थांबला. चेहरा पांढराफटक पडला.

“बोल.”

“पाइपफिटर,” तो अगदी हळू म्हणाला. “एकच आहे आमच्याकडे. थोरल्याचा भाऊ. धाकटा.”

५

साहेबांना हे कळायला वेळ लागला नाही.

“बघा!” ते म्हणाले. आवाजात दुःख आणायचा त्यांनी प्रयत्न केला, पण सुटल्याचा आनंद लपत नव्हता. “घरातलंच प्रकरण निघालं. दोघांचं भांडण झालं होतं महिन्यापूर्वी, जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत. भाऊच भावाचा वैरी. कारखान्याचा काय संबंध?”

सकाळपासून धाकटा मीटरबाईंना दिसला तो दोनदाच, फाटकापाशी भिंतीला टेकून बसलेला. सख्ख्या भावानं? आणि तेही असं, दीड महिना आधी ठरवून?

पण कुठेतरी बसत नव्हतं. झडप कधी तुटेल हे कुणाला माहीत होतं? दीड महिन्यात टाकीत किती जण उतरले. आणि एखाद्याला मारायचं असेल तर माणूस त्याच्यासाठी इतक्या लांबच्या वाटेनं जाईल?

“साहेब, झडप बदलली नव्हतीच ना?”

“प्रोसेसमध्ये होतं ते.”

“मला स्टोअर बघायचंय.”

साहेबांनी किल्ली सापडत नाही म्हणून सांगितलं. चष्मेवाल्यानं न बोलता आपल्या खिशातली काढून दिली. आज त्याला कशाचीच भीती उरली नसावी.

स्टोअरच्या कोपऱ्यात, रंगाच्या डब्यांमागे, एक लाकडी पेटी होती. वर धूळ, पट्ट्या न कापलेल्या. आत नवी कोरी झडप. पेटीवर कारखान्यात आल्याची तारीख होती, आठ महिन्यांपूर्वीची.

मीटरबाईंनी तारखेवरून बोट फिरवलं. मग वळल्या.

“आठ महिने. का?”

“बसवायला दोन दिवस सगळं बंद ठेवावं लागतं,” साहेब म्हणाले. “मागणी होती. पुढच्या महिन्यात, पुढच्या महिन्यात असं करता करता...”

“भोंगा थांबला तेव्हा सगळ्यांना वाटलं झडप बदलली. पॅनेलवालीला, चष्मेवाल्याला, टाकीत उतरणाऱ्यालासुद्धा. भोंगा गप्प करणारा सोडला तर अख्ख्या कारखान्यात एकच माणूस असा होता, ज्याला पक्कं ठाऊक होतं की झडप बदललेली नाही आणि तरी भोंगा गप्प आहे. तुम्ही! तुम्ही विचारलं नाहीत, का गप्प आहे म्हणून?”

साहेबांनी ओठ ओले केले. “वाजत नव्हता... म्हणजे बरं चाललंय असं...”

“पॅनेलवालीनं आभार मानले, ते तुम्ही घेतलेत.”



६

घर दोन खोल्यांचं होतं. दाराशी चपलांची गर्दी नव्हती, येऊन जाणारे येऊन गेले होते. आई भिंतीला टेकून बसली होती. धाकटा मोरीपाशी गळका नळ दुरुस्त करत होता. हात चालू, नजर कुठेच नाही. आट्यांवर अंगठ्यानं पांढरी टेप गुंडाळत होता.

मीटरबाईंना वाटलं, उलट्या पावली निघून जावं.

“जरा बाहेर येतोस का?” त्या म्हणाल्या.

“इथेच बोला,” आई म्हणाली. “माझ्यापासून काय लपवायचं राहिलंय आता?”

धाकट्यानं मान वर केली. “बाई, मीटर बिघडला होता ना?”

“नाही. मीटर चांगला आहे. कुणीतरी त्याची दिशा बदलली होती. दीड महिन्यापूर्वी, गुरुवारी.”

तो त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. त्याला काही कळलेलंच नव्हतं.

“गुरुवारी... मी भोंगा बंद केला होता,” तो सरळ म्हणाला, अगदी सहज. “तो भोंगा टाकीवाल्यांच्या आरामाच्या खोलीच्या भिंतीवरच आहे. दादाला अर्धशिशी. पंप बंद झाला, हा वाजला, की दादा डोकं धरून ओकायचा. साहेबांना तीनदा सांगितलं. मागे एकदा झडप बघताना चष्मेवाल्यानं तेवढ्यापुरता भोंगा बंद केला होता, मी बॅटरी धरून उभा होतो. काय दाबतो ते पाहिलं होतं. तसंच केलं. फक्त भोंगा बंद केला बाई. मीटर चालूच होता, काचेवर आकडे येत होते. मी बघून खात्री केली.”

“आणि ते भांडण?”

“मी म्हणत होतो डॉक्टरकडे चल. तो म्हणत होता, आता बरं वाटतंय, कशाला?”

मीटरबाईंनी शब्द जुळवायचा प्रयत्न केला, जमला नाही. शेवटी जे होतं तेच सांगितलं.

“भोंग्याचं वेगळं बटण तिथे नाहीच रे. तू जे बदललंस त्यानं पॅनेलला उलट्या वाहण्याचा आकडा जायचा थांबला. काल तिथे शून्य दिसत होतं ते त्यामुळे.”

त्याला समजायला दोन-तीन क्षण लागले. मीटरबाईंना ते समोर दिसलं. आधी कपाळावर आठी, मग ओठ हलले, काहीतरी पुन्हा मनात मोजल्यासारखे. हातातली टेप खाली पडून घरंगळत गेली. तो किंचाळला नाही. मोरीच्या कठड्यावर बसला आणि श्वास घ्यायचा विसरल्यासारखा तोंड उघडं टाकून बसून राहिला.

आई हळूहळू उठली. मीटरबाईंना वाटलं, आता ती त्याला मारणार किंवा जवळ घेणार. तिनं दोन्हीपैकी काहीच केलं नाही.

“त्याला माहीत होतं?” तिनं विचारलं. “तू बंद केलास हे?”

“नाही आई. त्याला वाटलं... झडप बदलली.”

“म्हणून उतरला,” ती म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज आला.

धाकटा उठला, पायात चप्पल नव्हती तसाच दारापर्यंत गेला. “चला बाई. त्या पॅनेलवाल्या ताईला सोडवायचं आहे ना? तिचं लेकरू लहान आहे.”

७

साहेबांनी शेवटपर्यंत धडपड केली. अहवालात फिटरचंच काम लिहा, त्यानं कबूलच केलंय, बाकीचं कशाला उकरता? आणि गंमत म्हणजे धाकट्याचंही तेच म्हणणं होतं. माझं नाव सगळ्यात वर लिहा.

मीटरबाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. जे ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं लिहिलं. आठ महिने पेटीत पडून राहिलेली झडप, अर्ध्यावर अडकलेलं चाक, झाकणाला चिकटवलेला पासवर्ड, एका भावानं दाबलेलं बटण, आणि गप्प भोंगा ऐकूनही न विचारणारा साहेब. चौकशीत साहेबांवर खटला उभा राहिला. पॅनेलवाली त्याच संध्याकाळी सुटली, पण पुन्हा पॅनेलवर बसली नाही. चष्मेवाल्याला निलंबित केलं. धाकट्यावरही गुन्हा दाखल झाला. जामीन मिळाला, काम गेलं.

चार महिन्यांनी एका सकाळी मीटरबाई आपल्या कार्यशाळेत मीटर तपासत बसल्या होत्या. दारात आई उभी होती, तिच्यामागे धाकटा. दोघंही अर्ध्यानं वाळले होते.

“बाई, ह्याला काहीतरी काम द्या,” आई म्हणाली. धाकट्याकडे न बघता. “घरात बसतो भिंतीकडे तोंड करून. जेवत नाही. मी त्याच्याशी बोलत नाही, बोलता येत नाही मला. तोंड उघडलं की तो दुसरा आठवतो. पण हाही गेला तर...” तिनं पदरानं तोंड दाबलं.

“काय शिकायचंय तुला?” मीटरबाईंनी त्यालाच विचारलं.

तो म्हणाला, “एक गोष्ट बदलली की तिच्याबरोबर आणखी काय काय बदलतं ते.”

“त्यातच तीस वर्षं गेली माझी. अजून पुरतं कळलेलं नाही.”

तो जागचा हलला नाही. उंबऱ्यावर उभा राहिला, आत की बाहेर हे न ठरल्यासारखा. मीटरबाईंनी टेबलाजवळचं दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

मग आई वळली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

“जा आत,” ती त्याला म्हणाली. “आणि संध्याकाळी वेळेवर ये. मी जेवायची थांबते.”